नरखेडला फोनवरून पाठवलेला गेम

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा, मधेमधे व्यत्यय नको. फजिती माझीच आहे आणि माझ्याच तोंडाने सांगणार आहे. पण एक गोष्ट आधीच बजावतो, कल्पना माझी शंभर टक्के बरोबर होती. आजही बरोबर आहे. मार खाल्ला तो माणसांमुळे. कोणत्या माणसांमुळे, ते येईलच पुढे.

परवा नातू मोबाईल घेऊन आला. "आबा, हा बघा जुना क्लासिक गेम, कंपनीने परत आणलाय. आत्ता डाउनलोड केला!" म्हटलं, कंपनीने आणला? अरे, जुने गेम परत आणून तारेवरून लोकांच्या घरी पोचवायचा धंदा तुझ्या आज्याने गांधीबागेत काढला होता, ऐंशीच्या दशकात! तुझा बाप तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.

म्हणजे, जवळपास काढला होता.

गांधीबागेत आमचं ठोक कापडाचं दुकान. खाली पांढरी गादी, गादीवर लोडाला टेकलेले बाबा, आणि वर एक रिकामी खोली. मी तिशीला टेकलेलो, लग्न झालेलं. आता मी गादीवर बसावं आणि गिऱ्हाइकाला मांजरपाट दाखवावा, एवढंच बाबांचं म्हणणं. माझा जीव मात्र वरच्या खोलीत. कारण तिथे माझा कॉम्प्युटर होता. बायकोचा, म्हणजे सुमनचा, भाऊ दुबईला होता, त्याने आणून दिला होता.

कॉम्प्युटर म्हणजे आजच्यासारखा नाही हं. बटणांचा एक चपटा डबा. एका बाजूने तो टीव्हीला जोडायचा, दुसऱ्या बाजूने टेपरेकॉर्डरला. गेम यायचे साध्या गाण्यांच्या कॅसेटवर! कॅसेट लावली की पाच मिनिटं नुसती किंचाळी चालायची, चींऽऽ कर्रर्र चींऽऽ. ही किंचाळी तो डबा लक्ष देऊन ऐकायचा, आणि ऐकून झाली की पडद्यावर गेम हजर. पण मधे एक खुट्ट जरी झालं तरी साहेब रुसायचे. चूक झाली म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता गेमचं ऐका. सीताबर्डीवर एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथल्या एका मशीनमध्ये वरून दगड पडायचे आणि खालून एक टिचभर त्रिकोणी विमान ते फोडायचं. काय वेड होतं लोकांना! मास्तर, वकील, कॉलेजची पोरं, सगळे रांगेत. मग मालकाला काय सुचलं कोण जाणे, त्याने ते मशीन भंगारात काढलं आणि स्टिअरिंगवालं नवीन आणलं. मोटार चालवायची म्हणे. अहो, मोटार काय, ती तर बाहेर रस्त्यावरही चालते! लोक हळहळले. मी तर दोन दिवस नीट जेवलो नाही.

मग डोक्यात आलं की टॉकीजला मॅटिनीत जुना पिक्चर पुन्हा लागतो की नाही? गर्दी होते की नाही? तर जुना गेम पुन्हा का लागू नये? दगडांचा तो गेम माझ्याकडे कॅसेटवर होता. आणि कॅसेटवर असतो काय, तर आवाज. फोनवरून जातो काय, तर आवाज. मग गेम फोनवरून का जाऊ नये? मी इकडून रिसीव्हरपाशी कॅसेट वाजवायची, तिकडच्याने रिसीव्हरपाशी टेपरेकॉर्डर धरून ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. झालं! घरबसल्या गेम!

हसला ना? म्हणून आधी हसून घ्या म्हटलं होतं.

मी हवेत बोलत नव्हतो. प्रयोग केला होता. दुकान आणि मागचं गोदाम यांच्यामध्ये फोनचं एक्स्टेन्शन होतं. सुटीच्या दिवशी डबा, टीव्ही आणि दुसरा टेपरेकॉर्डर गोदामात मांडला, दुकानात कॅसेट चालू केली आणि जीव घेऊन गोदामाकडे पळालो. पोचेपर्यंत अशी धाप लागली की तोंडातून शब्द फुटेना. तसाच रिसीव्हर टेपरेकॉर्डरला लावला. माझा स्वतःचा चार ओळींचा छोटासा प्रोग्रॅम होता, तो तारेतून गेला आणि पडद्यावर माझं नाव उमटलं! कापडाच्या गाठींमध्ये मी एकटाच नाचलो.

दुसऱ्याच दिवशी पेंटरकडून पाटी करून घेतली. "जुने गाजलेले व्हिडिओ गेम पुन्हा एकदा! फोनवरून घरपोच!" बाबांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"काहून बे, हे काय लावलं?"

"धंदा हाय बाबा. नवीन."

"गांधीबागेत कोनाच्या घरी हाय हा डबा?"

"सध्या कोनाच्याच नाही."

"मंग पाठवशीन कोनाले?"

"नरखेडले. वासूले."

वासू माझा कॉलेजचा मित्र. नरखेडला संत्र्याचे बगीचे, घरी फोन, आणि त्याच्या भावाने त्यालाही असाच डबा आणून दिलेला. त्याच्या कॅसेटांना बुरशी लागली होती आणि दगडांच्या गेमसाठी तो नुसता तडफडत होता. थोडक्यात, माझ्या ओळखीत कॉम्प्युटर दोन होते. एक माझा, एक वासूचा. पण धंदा कुठून तरी सुरू व्हावाच लागतो ना?

बाबा म्हणाले, "नरखेडले दिवसभर एस्टी जाते. कंडक्टरजवळ कॅसेट देऊन दे. दुपारच्याले पोचते."

"कॅसेट तं कोनीही पाठवते बाबा! मी गेम पाठवून राहिलो!"

"फोननं?"

"फोननंच!"

गादीवर बसलेले दोन व्यापारी खुदकन हसले. झालं, बाबांना ते लागलं. म्हणाले, "ठीक हाय. दसऱ्याच्या आत तुया गेम फोननं नरखेडले पोचला, तं वरची खोली तुयी. नाही पोचला, तं खोलीत ब्लँकेटच्या गाठी लागतीन, अन् तू गादीवर. कबूल?"

"कबूल!"

खरं सांगतो, वरून मी छाती काढून बोललो, पण मनात वेगळंच होतं. त्या गादीची मला भीती वाटायची. आमच्या घराण्यात माणूस तिच्यावर एकदा बसला की चाळीस वर्षांनी उठतो. आज्याचं तसंच झालं, बाबांचं तसंच झालं. ती खोली गेली असती तर मीही गेलोच होतो.

परगावचा फोन तेव्हा एक्स्चेंजमधल्या ताई जोडून द्यायच्या; तसा पहिला ट्रंक कॉल बुक केला. दोन तासांनी लागला. मी कॅसेट चालू केली.

"हॅलो वासू! येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं ना गा! भल्ला आवाज येऊन राहिला! तू जेवला का?"

"अबे चुप ना! रेकॉर्ड होऊन राहिलं!"

"हो का? बरं बरं. अन् सुमनवहिनी कशा हायेत?"

झाला गेमचा सत्यानाश. पण वासूला तरी काय बोलणार? आमच्याकडे ट्रंक कॉलवर गप्प बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान. दोन-दोन तास वाट पाहून फोन लागतो, आणि मग गप्प राहायचं? लोक तर नरखेडला थेट ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलायचे. जेवण, तब्येत, पाऊस, संत्र्याचा बहार, एवढं विचारल्याशिवाय फोन ठेवला तर लोक म्हणायचे, माणूस रागावलेला दिसतो.

दुसऱ्या वेळी वासू नेमका विहिरीवर मोटर पाहायला गेलेला. फोन त्याच्या आईने घेतला. मी घाईघाईत म्हटलं, "काकू, काही बोलू नका, नुसतं ऐका!" आणि कॅसेट सोडली. चींऽऽ कर्रर्र चींऽऽ!

"अरे माय! कोनाचं लेकरू रडून राहिलं? सुमन मोकळी झाली का गा?"

"नाही नाही, काकू, तो गेम हाय—"

पण काकूंनी फोन ठेवलासुद्धा. संध्याकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. काकू उतरल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा आणि लुगड्याची दुपटी. सुमन सपाट पोटाने चहा घेऊन बाहेर आली, तर काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "एवढ्यात उठून कामाले लागली वं? निजून राह्य ना!"

सुमन आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनी मात्र लाडू खाता खाता मला ऐकवलंच, "पाह्य. एस्टीनं लाडू पोचले."

तिसऱ्या वेळी ट्रंकवाल्या ताईंनीच घात केला. तीन मिनिटांनी त्या मधे आल्या. "तीन मिनिटं झाले, वाढवायचे का? अन् भाऊ, तुमची लाईन भल्ली खराब हाय. चिर्र आवाज येऊन राहिला. मी कंप्लेंट लिहून देते."

"ताई, तो आवाज माझा हाय!"

"तुमचा? असा कसा तुमचा? घसा दाखवा ना डाक्टरले."

दुसऱ्या दिवशी लाईनमन हजर. मी त्याला समजावलं की लाईन ठणठणीत आहे, तो जुना व्हिडिओ गेम होता. तो माझ्याकडे बघत होता, तार मात्र सोडवतच होता. फोनचं यंत्र तपासायला घेऊन गेला तो तीन दिवस परत आला नाही. ऐन दसऱ्याच्या मोसमात ठोक दुकानाचा फोन बंद! गिऱ्हाइकं काटोलहून फोन लावून लावून थकली आणि स्वतःच येऊन धडकली. बाबांचा चेहरा कसा झाला असेल, ते तुम्हीच मनात आणा.

मी माघार घेतली का? छे! दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज शेवटचा. आज पोचवूनच दाखवतो!"

यावेळी बंदोबस्त पक्का होता. वासूला पत्र टाकून कळवलं होतं की बाबा रे, फोन उचल, रिसीव्हर टेपरेकॉर्डरला लाव आणि उठून थेट संत्र्याच्या बगीच्यात निघून जा. घरात थांबूच नको. काकूंनाही सोबत ने. ट्रंकवाल्या ताईंना विनवलं, "ताई, हात जोडतो. नऊ मिनिटं एकदम द्या अन् मधात येऊ नका."

"बरं भाऊ. तुमच्यासाठी चुप बसते. पन एकदा सांगा तं खरं, तुम्ही नेमकं काय करून राहिले?"

"नंतर सांगतो ताई!"

दुकान गच्च भरलेलं. मौद्याचे दोन व्यापारी, कापड पाहायला आलेलं एक कुटुंब, सुमन, आणि गादीवर तोंडात पान धरून बाबा. मी पंखा बंद केला. दार लोटलं. घड्याळाची टिकटिक नको म्हणून घड्याळ भिंतीवरून काढून कापडाच्या ढिगाखाली खुपसलं. रिसीव्हर टेपरेकॉर्डरपाशी मांडला आणि बटण दाबलं.

चींऽऽ कर्रर्र चींऽऽ!

आणि सांगतो तुम्हाला, गांधीबागेत असं कधी झालं नव्हतं. अख्खं दुकान चिडीचूप! व्यापारी डोळे मिटून बसलेले, लेकरं आईच्या पदराआड, सुमन तोंडावर हात धरून, बाबांचं पान तोंडात थबकलेलं. मी मधोमध उभा. बँडमास्तरसारखे माझे हात हवेत. पाच मिनिटं! पाचच्या पाच! कॅसेट संपली, मी फोन ठेवला आणि आरोळी ठोकली, "पोचला!"

अर्ध्या तासाने वासूने उलटा अर्जंट फोन लावला. "नाही झाला गा. डबा चूक म्हनून राहिला."

माझ्या डोक्यात रक्तच चढलं. लाईन ठीक, ताई चुप, वासू बगीच्यात. मग कोण? मी दुकानभर नजर फिरवली, आणि ती बाबांवर येऊन थांबली.

"बाबा, तुम्ही खोकलले."

"मी? मी नाही खोकललो."

"खोकलले! पान अडकलं अन् खोकलले! मुद्दामच! खोली द्यायची नाही म्हनून!"

बाबांनी उठून पान थुंकलं, उपरण्याने तोंड पुसलं. नेहमी तारस्वरात बोलणारा माणूस, पण त्या वेळी अगदी हळू म्हणाला, "मी खोकललो नाही." एवढंच. मग माझ्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाला कापड दाखवायला लागले. सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

पण जमिनीत जाणाऱ्यातला मी नव्हतो! मी वासूला पुन्हा फोन लावला, तोही अर्जंट. "तू आज जे रेकॉर्ड केलं ना, तीच कॅसेट घेऊन ये. दुपारच्या एस्टीनं ये. सगळ्यासमोर वाजवू. खोकला कोनाचा हाय तो ऐकू येईनच!"

वासू आला. त्याच्या टेपरेकॉर्डरला डब्याची वायर लावली की बाहेर आवाज येत नसे, म्हणून कॅसेटवर काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. व्यापारी आणि ते कुटुंबही अजून होतेच, कापडापेक्षा निकालासाठी जास्त थांबले होते म्हणा. मी पुन्हा सगळ्यांना बसवलं, बाबांना अगदी समोर, आणि वासूची कॅसेट लावली.

चींऽऽ कर्रर्र. छान, स्वच्छ आवाज! मी बोट वर केलं, आता ऐका म्हटलं. अर्धं मिनिट गेलं. आणि मग गेमच्या किंचाळीवर चढून एक आवाज आला, खणखणीत.

"चुप! एकदम चुप!"

मी दचकलो. आवाज ओळखीचा होता. सुमनने पदर तोंडात धरला.

चींऽऽ कर्रर्र. "काही बोलायचं नाही कोनी! शाब्बास! असंच बसा!" चींऽऽ. "ओ मौदेवाले, पाय हालवू नका!" कर्रर्र. "बाबा, पान चावू नका ना, सांगतलं ना मी!" चींऽऽ. "हां! अर्धं झालं! कोनी श्वास घेऊ नका!" कर्रर्र. "सुमन, काहून हसून राहिली वं!" चींऽऽ. "एकच मिनिट राहिला! चुप! चुऽऽप!"

कॅसेट संपली. पाच मिनिटांत एकही खोकला नव्हता. शिंक नव्हती, लेकरू नव्हतं, ताई नव्हत्या. त्या अख्ख्या कॅसेटवर माणूस एकच होता.

आधी मौद्याचे व्यापारी हसले, मग वासू, मग ते कापडवालं कुटुंब. सुमन तर भिंतीला टेकून खाली बसली. हसले नाहीत ते फक्त बाबा. मला वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं होतं मी. जवळ जाऊन पाया पडलो. "चुकलं बाबा. तुम्ही नव्हते खोकलले."

"हूं," म्हणाले.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मी म्हटलं, "पन एक पाहा बाबा! आयडिया खोटी नाही ना निघाली! गेम तं बरोबर जाऊन राहिला होता. मानूस बोलला म्हनून अडला. अजून एक चान्स द्या. या टाइमले मी बोलत नाही."

"तू?" सुमन खालूनच म्हणाली.

"हो! मी! पाच मिनिटं काय, पाच तास बसतो!"

आता मात्र बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि गादीवर मधोमध ठेवलं.

"ट्रंक नको अन् कॅसेट नको," ते म्हणाले. "इथं माझ्यासमोर बस. पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. बसला, तं खोली तुयी. हे सगळे साक्षीदार हायेत."

एवढंच? अहो, हसत हसत! मी मांडी घातली, पाठ ताठ केली, ओठ घट्ट मिटले. वरची खोली मला दिसायला लागली, दारावर पाटी, आत दहा टेपरेकॉर्डर एकदम चाललेले. बाबा घड्याळाकडे बघत होते. व्यापारी घड्याळाकडे बघत होते. कोणीच काही बोलेना. मीही बोललो नाही. बराच वेळ बोललो नाही! सुमन म्हणते सात सेकंद. साफ खोटं आहे, निदान पंधरा तरी होतेच.

आणि मग मी बाबांना विचारलं, "सुरू झालं का?"